लिटल लीगचं अंपायरिंग: सामान, नोकरी आणि पुढची वाट

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा दहा वर्षांचा, लिटल लीगमध्ये (म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) खेळतोय, लीगने पालकांतून अंपायर हवेत म्हणून मेल टाकलाय आणि तुमचे यजमान तयार आहेत. सामान काय लागेल, पैसे मिळतात का, नोकरी सांभाळून जमतं का आणि पुढे यात करिअर होतं का, असं विचारलंय तुम्ही. मी मध्य न्यू जर्सीत चौदा सीझन अंपायरिंग करतोय. आधी लिटल लीग, आता मुख्यतः हायस्कूल. नोकरी आयटीतली.

आधी व्हिसाचं बोलतो, कारण ते मैदानावर कोणी सांगत नाही. हायस्कूल आणि ट्रॅव्हल टीमच्या सामन्यांचे पैसे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून मिळतात, त्यावर १०९९ फॉर्म येतो. यजमान एच-वन-बीवर असतील तर हे पैसे घ्यायचे नाहीत, ते बाहेरचं काम धरलं जातं. एच-फोरवर ईएडी (कामाचा परवाना) नसेल तरी तेच. लिटल लीगचं अंपायरिंग मुळात स्वयंसेवकांचं आहे, अगदी पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला होणाऱ्या लिटल लीग वर्ल्ड सीरीजमधले अंपायरही बिनपगारी असतात. पण काही लीग सामन्यामागे पैसे देतात. तिथे ‘मी फुकट करतो’ म्हणून उभं राहण्याआधीही वकिलाला विचारून घ्या. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी सहा सीझन एक डॉलर न घेता केले आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता सामान. मास्क, चेस्ट प्रोटेक्टर आणि शिन गार्ड बहुतेक लीगकडे असतात, ते पहिल्या वर्षी वापरायला हरकत नाही. मात्र ॲब्डॉमेन गार्ड (आपण क्रिकेटला घालायचो तोच) पहिल्या दिवसापासून स्वतःचा हवा. पुढच्या वर्षीही करायचं ठरलं तर आधी मास्क घ्या, मग प्लेट शूज, म्हणजे प्लेटमागे (बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीमागे) उभं राहताना घालायचे बूट. या बुटांना पुढे पोलादी टोपी असते. फाउल गेलेला चेंडू सरळ खाली अंगठ्यावर येतो, तेव्हा साधे स्पोर्ट्स शूज काही कामाचे नाहीत. चेस्ट प्रोटेक्टर शर्टाच्या आत घालायचा आणि पट्टे असे आवळायचे की वरची कड गळ्याच्या हाडांना टेकेल. नवे लोक तो खाली लोंबता ठेवतात आणि नेमका तिथेच मार बसतो. मास्कला खाली गळा झाकणारं पान लावून घ्या. पँट करडी, प्लेटसाठी जरा ढगळ शिवलेली, कारण शिन गार्ड तिच्या आतून बांधतात. बाकी इंडिकेटर (बॉल-स्ट्राइक मोजायचं हातातलं यंत्र), ब्रश आणि चेंडूंची थैली हे किरकोळ आहे.

इंडिकेटर डाव्या हातात, मास्क काढायचाही डाव्याच हाताने, म्हणजे उजवा स्ट्राइक आणि आउट दाखवायला मोकळा राहतो. प्लेट झाडताना पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून वाकायचं. पहिल्याच दिवशी हे बरोबर केलं की कोच मंडळी ओळखतात, हा माणूस शिकून आलाय.

क्रिकेटची सवय इथे दोन ठिकाणी आडवी येते. तिकडे अपील झाल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही आणि शंका आली तर फलंदाजाला फायदा देतो. इथे बॅटरने सोडलेल्या प्रत्येक चेंडूवर स्वतःहून निर्णय द्यायचा आणि फायदा कोणालाच नाही. प्लेट १७ इंच रुंद. तिच्यावर, लिटल लीगमध्ये बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतचा पट्टा. चेंडूचा कुठलाही भाग त्याला चाटून गेला की स्ट्राइक, नाहीतर बॉल. कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) आणि बॅटर यांच्यामधल्या फटीतून बघायचं, डोकं कॅचरच्या डोक्याच्या वर ठेवायचं आणि चेंडू ग्लव्हमध्ये गेल्यावर एक श्वास थांबायचं. पहिल्या वर्षी मी चेंडू येता येताच मनात निकाल लावायचो. एका मुलाचा कर्व्ह शेवटच्या तीन फुटांत आत वळला, तोवर माझ्या तोंडून ‘बॉल’ गेला होता. त्या पिचरने माझ्याकडे नुसतं बघितलं, बोलला काही नाही. तो श्वास मी त्या दिवसापासून घेतो.

पहिल्या बेसवर नजर बॅगवर (बेसच्या गादीवर) आणि कान ग्लव्हवर. रनरचा पाय टेकताना दिसतो, चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज येतो, त्यातलं आधी काय झालं तेवढं सांगायचं. डोळ्यांनी दोन्ही पाहायला गेलात तर दोन्ही सुटतात.

नोकरीचं म्हणाल तर अडचण वेळेची आहे. लिटल लीगचे सामने संध्याकाळी सहाच्या पुढे आणि शनिवारी, ते कोणालाही जमतात. हायस्कूलचे सामने मात्र चारच्या सुमारास सुरू होतात. म्हणून आमच्यात शिक्षक, टपाल खात्यातले, निवृत्त पोलीस असेच लोक जास्त. मी सकाळी सातला पुण्याच्या टीमबरोबर कॉल सुरू करतो, तिकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात, आणि तीनला लॅपटॉप मिटतो. मॅनेजरशी हे आधीच बोलून ठेवलंय. कपडे पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीवर बसून बदलायचे. सगळे तिथेच बदलतात आणि निम्मं शिक्षणही तिथेच होतं. जोडीदार शिन गार्डचे पट्टे लावता लावता ‘पहिल्यावर रनर असला की मी अमुक बघेन, तू तमुक बघ’ असं ठरवतो.

करिअर म्हणून बघायचं तर दार फार अरुंद आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, पूर्णवेळ अंपायर ७६. त्याखाली मायनर लीगच्या पायऱ्या, तिथे बरीच वर्षं कमी पगारात काढावी लागतात. एमेट ॲशफर्ड टपाल खात्यात नोकरी करत हौशी सामने करायचे, १९५१ मध्ये व्यावसायिक सामन्यांकडे वळले आणि १९६६ मध्ये मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय अंपायर झाले. आमच्याच न्यू जर्सीच्या जेन पावोल कलाशिक्षिका होत्या. २०१६ मध्ये मायनर लीगच्या तळाच्या पायरीवर लागल्या आणि ९ ऑगस्ट २०२५ ला अटलांटात मेजर लीगच्या नियमित सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला अंपायर ठरल्या. मी त्या दिवशी सामना लावून बसलो होतो, बायकोला आणि मुलीला हाक मारून बोलावलं. बाकी आम्हा सगळ्यांसाठी ही नोकरीच्या जोडीची गोष्ट आहे आणि तशीच ती चांगली आहे.

एक गोष्ट मन घट्ट करून लिहितो. तीन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर बेसवर पंधरा वर्षांचा मुलगा होता, दुसराच सामना त्याचा. एक कोच त्याच्यावर ओरडत राहिला आणि मी दोन इनिंग गप्प राहिलो, ‘शांत होईल’ म्हणून. तिसऱ्या इनिंगला त्या कोचला मैदानाबाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. तो मुलगा पुन्हा आला नाही. आता मी पहिल्या ओरडण्यालाच टाइम घेतो, मास्क काढून डगआउटपर्यंत (संघ बसतो तिथपर्यंत) चालत जातो आणि आवाज न चढवता कोचला सांगतो की त्या मुलाशी बोलायचं नाही, माझ्याशी बोला. आपल्याच राज्यातल्या डेप्टफर्डच्या लिटल लीगने २०२३ मध्ये नियम केला की अंपायरला शिव्या देणाऱ्या पालकाने आधी तीन सामने स्वतः अंपायरिंग करायचं, मगच मैदानावर यायचं. मला तो नियम मनापासून पटला.

यजमानांना म्हणावं, सीझनआधी लीगचं क्लिनिक (अंपायरांचं प्रशिक्षण) असतं ते चुकवू नका आणि पहिले चार-पाच सामने बेसवर उभे राहा, प्लेटमागे नाही. शक्यतो स्वतःच्या मुलाचा सामना घेऊ नका. आमच्या बाजूला राहत असाल तर इथे निरोप ठेवा. माझा जुना चेस्ट प्रोटेक्टर गॅरेजमध्ये टांगलेला आहे, धुऊन देतो.