पोलिसांसोबत पहिल्यांदा कॉलवर जाताना

मानसिक आजारामुळे बेचैन झालेल्या व्यक्तीच्या घरी मानसिक आरोग्य कर्मचारी म्हणून जाताना, गाडीतून उतरण्याआधीच ठरवा: आत आधी कोण जाणार, बोलणार कोण, तुम्ही मागे कधी सरकणार. घरात कोयता, रॉकेल, फिनेल आहे का, हे नातेवाइकांना फोनवरच विचारा. आत गेल्यावर एकानेच बोलायचं. दोन हात अंतर, जरा तिरकं उभं राहायचं, दार अडवायचं नाही.

बिघडतं ते बहुधा इथेच. तुम्ही हळू आवाजात विचारताय आणि मागून वॉकीटॉकी खरखरतो, कोणीतरी "ए, गप बस" म्हणतं, शेजारी मोबाइल काढतात. वॉकीटॉकीचा आवाज आधीच कमी करायला सांगा, गर्दीसाठी एक शिपाई बाहेर ठेवा. त्या व्यक्तीला ऐकू येणारे भासाचे आवाज खोटे आहेत, असा वाद तिच्याशी घालू नका. झोप कधी झाली, गोळ्या कधी सोडल्या, जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

पोलिसांनी ताब्यात घेतलंच, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १०० पाठ हवं: कारण त्या व्यक्तीला सांगायचं, जवळच्या सरकारी रुग्णालयात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत न्यायचं, लॉकअपमध्ये कधीच नाही. "रात्रभर ठाण्यात बसवू" ही सोय मान्य करू नका. चालू औषधांची पाकिटं सोबत घ्या. व्यक्ती बेघर असेल, तर हरवल्याचा एफआयआर नोंदवून घ्या. घरच्यांना शोधणं ठाणे अंमलदाराचं काम.