पाण्याचं इंजेक्शन

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सिस्टर, तोच पेशंट दुखतंय म्हणून महिन्यात तिसऱ्यांदा कॅज्युअल्टीत आला. सगळे म्हणाले नाटकी आहे. मला काही सुचेना." मागे मेसचा गलका होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी माझीच गोष्ट सांगते. पुण्यातल्याच एका हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीला नाइट करत होते. पावसाळ्याचे दिवस, गाडीवरून घसरलेल्यांची रांग लागलेली. त्यात नंदुरबारकडचा एक मुलगा आला, शिवाजीनगरला हॉस्टेलवर राहून शिकणारा. सिकलसेलचा पेशंट, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि मध्येच भयंकर दुखण्याचे झटके येतात. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, तिच्यात जुने रिपोर्ट तारखेवार लावलेले. कंबर आणि पाय दुखतायत म्हणाला. दहापैकी किती? नऊ. हे सांगताना त्याची नजर मोबाइलवर. नाडी ८४, बीपी नॉर्मल. वर कोणतं इंजेक्शन लागतं ते त्यानेच सांगितलं, डोससकट. तिथेच त्याच्यावरचा विश्वास उडाला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "डिस्टिल्ड वॉटर द्या, बघू काय म्हणतो."

मी अँप्यूल फोडली, दोन एमएल ओढलं आणि दिलं. वीस मिनिटांनी तो म्हणाला, "थोडं बरं वाटतंय, सिस्टर." काउंटरवर हशा पिकला. पहाटे त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला तो ताप घेऊन, छाती धरून. रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के, म्हणजे फार खाली. सिकलसेलच्या झटक्यामागून फुप्फुसाचा हा प्रकार होऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. आयसीयूत राहून तो वाचला. माझ्या हातून काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं.

पाण्याच्या इंजेक्शनने बरं वाटलं म्हणजे दुखणं खोटं, हे आपल्याकडे अजून बोललं जातं. ते साफ चूक आहे. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर एक प्रयोग झाला होता. दाढ काढल्यावरचं दुखणं, त्याच्या खरेपणाबद्दल वादच नाही. तरी नुसत्या प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसने, काहींना आराम पडला, आणि मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलोक्सोन दिल्यावर तो आराम गेला. म्हणजे आता बरं वाटणार या भरवशावर शरीर स्वतःचंच मॉर्फिनसारखं रसायन सोडतं. त्या मुलाचं दुखणं खरं होतं आणि बरं वाटणंही खरं होतं. खोटं फक्त मी दिलेलं इंजेक्शन होतं.

बाकीच्या खुणाही तशाच फसव्या. वर्षानुवर्षं दुखणं सोसणारा माणूस ओरडत नाही, हलल्यावर जास्त दुखतं हे त्याला ठाऊक असतं. मोबाइल बघतो, कारण मन दुसरीकडे लावणं एवढंच त्याच्या हातात असतं. जुन्या दुखण्यात नाडी-बीपी नॉर्मल राहू शकतं. डायबेटिसवाल्याने इन्सुलिनची युनिटं सांगितली तर आपण म्हणतो, किती जागरूक पेशंट! मग याने डोस सांगितला तर संशय का? आणि रिपोर्टचं म्हणशील, तर स्वादुपिंडाच्या जुन्या आजारात ग्रंथी इतकी झिजलेली असू शकते की रक्तातलं लायपेज, म्हणजे तिचंच पाचक रसायन, नॉर्मल येतं आणि पोटात मात्र कळा चालूच असतात.

आता तुझ्या हातात काय आहे ते सांगते. औषध डॉक्टर लिहिणार, पण पेशंटचं पहिलं बोलणं तू ऐकतेस. तो बोलतो तो शब्द जसाच्या तसा लिही. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघ: ठणका, ठसठस, चमक, कळ, मुरडा, आग, मुंग्या, ओढ. आमच्या गावाकडच्या बायका पाठ "भरून आलीय" म्हणतात आणि आपण केसपेपरवर नुसतं बॅकपेन लिहून मोकळ्या होतो. आग, मुंग्या, करंट मारल्यासारखी चमक म्हटलं की मनात नसेचा, म्हणजे नर्व्हचा, विचार यायला हवा. ठसठस म्हटलं तर सूज किंवा पू. मुरडून कळ येते, मध्येच थांबते, परत येते, तर आतडं किंवा खडा. नेहमी असंच निघतं असं नाही, पण डॉक्टरला दिशा मिळते.

आणि एक प्रश्न कधी चुकवू नकोस: "आजचं दुखणं रोजचंच आहे की वेगळं?" कंबरदुखीची जुनी पेशंट म्हणाली की आज लघवी अडकलीय, बसायची जागा बधिर वाटतेय, तर ती रोजची कंबरदुखी नव्हे. मणक्यात नसांचा जुडगा दाबला गेला असू शकतो, तिथे तास मोजावे लागतात. तिला "ही नेहमीचीच" म्हणून बाकावर बसवून ठेवलं तर ती जन्माची अधू होईल.

नशेसाठी येणारेही असतात, ते मी नाकारत नाही. ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं औषध २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, डॉक्टर हात आखडता घेतात ते मला समजतं. त्यांनी तपासावं, जुने कागद बघावेत, हवं तर दुसरं औषध द्यावं. पण काउंटरवर हसून कुणाची परीक्षा होत नाही. सिकलसेलच्या झटक्यात तर आल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळावं, असं अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणून आल्याची वेळ, दुखण्याचा आकडा आणि औषध दिल्याची वेळ चार्टवर टाकत जा. अर्ध्या तासाने परत विचार, परत लिही. "नाटकी" हा शब्द ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवताना, तोंडातून काढू नकोस, तो पेशंटच्या आधी पुढच्या ड्यूटीपर्यंत पोचतो.

पाणी द्यायला सांगितलंच, तर आवाज न चढवता म्हण, "सर, ऑर्डर लिहून द्या, मग देते." ती ऑर्डर सहसा कुणी लिहीत नाही.

तो मुलगा काही महिन्यांनी परत आला. मला बघून आधी गप्प बसला, मग हळूच म्हणाला, "सिस्टर, आज खरं द्याल ना?" त्याला त्या रात्रीच कळलं होतं. मी काही बोलले नाही. अँप्यूल फोडायच्या आधी तिच्यावरचं नाव त्याच्यासमोर धरलं. त्याने वाचलं, मगच हात पुढे केला. तेव्हापासून प्रत्येकाला दाखवते.

रविवारी सुट्टी असेल तर घरी ये, सावकाश बोलू.

तुझी,
सिस्टर