केमिकल टाकून लोहखनिजातला फॉस्फरस निघतो का?
निघतो, पण आधी तो बसलाय कुठे ते बघा, सगळा खेळ तिथंच आहे. ॲपेटाइटचे, म्हणजे फॉस्फरस असलेल्या खनिजाचे, वेगळे दाणे असतील तर सोपं, खनिज बारीक दळायचं, पाण्यात फॅटी ॲसिडचा कलेक्टर (ॲपेटाइटला बुडबुड्यांना चिकटायला लावणारं रसायन) टाकायचा, सोडियम सिलिकेटने लोहाचे कण खाली दाबून ठेवायचे आणि ॲपेटाइट बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतं, स्वीडनमधल्या किरुनाच्या लोहखाणीत असंच करतात. पण फॉस्फरस गोएथाइट या लोहखनिजाच्या आतच मुरलेला असेल तर फेसाने काही होत नाही हो, मग सोडियम कार्बोनेट घालून भाजायचं आणि नंतर पाण्याने किंवा ॲसिडने धुवायचं, खर्चिक काम. म्हणून बरेच जण तो पुढे स्टील करताना कन्व्हर्टरमध्ये (लोखंडाचं स्टील करायच्या भट्टीत) चुना टाकूनच काढतात, कारण त्याआधी ब्लास्ट फर्नेसमध्ये (खनिज वितळवून लोखंड काढायच्या भट्टीत) तो जवळजवळ सगळा लोखंडातच उतरतो. आधी मायक्रोस्कोपखाली नमुना तपासून घ्याच.