गावभागातली फियाट

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. वय ४७, कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्स सुपरवायझर, पत्नी शिक्षिका, मुलगी यंदा बारावीला. वडील (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात) मिरजेत एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. शाळेला सुट्टी असली की अण्णा यांना डॉक्टरांच्या फियाटमध्ये पुढच्या सलग सीटवर बसवून व्हिजिटला न्यायचे. स्टिअरिंगखालचा गिअर टाकताना अण्णांचं कोपर यांच्या खांद्याला लागायचं, असं पत्रात लिहिलंय. आता गावभागातल्या, म्हणजे कृष्णाकाठच्या जुन्या सांगलीतल्या, एका वाड्याच्या मागच्या पडवीत १९६८ ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. मालक १ लाख ८० हजार मागतात. मिस्त्री म्हणतो, ‘दोन लाखांत उभी करतो.’ पतसंस्था पाच लाख द्यायला तयार आहे. घेऊ का?

गाडी घ्या. ही गाडी घेऊ नका. कर्ज काढून तर कुठलीच घेऊ नका.

आता सविस्तर. तुमचा हिशोब असा आहे : गाडी १.८०, काम २, कागदपत्रं २० हजार, म्हणजे चार लाखांत विषय संपला. मिस्त्री खोटं बोलत नाही. तो इंजिनाचा माणूस आहे, त्याच्या मते इंजिन चालू झालं की गाडी उभी राहिली. इंजिनाची मला काळजीच नाही. हेच १०८९ सीसीचं इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीत साधारण २००० सालापर्यंत येत राहिलं, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ते लाखो किलोमीटर पळवलं. पिस्टन, वॉटर पंप, क्लच प्लेट, सोलेक्स कार्बोरेटर, सगळं कुर्ल्याच्या दुकानांतून अजून निघतं. झिजलेला सिलिंडर कातून (बोअरिंग करून) मोठ्या मापाचे पिस्टन बसवणारे कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळतील. आणि तुम्ही स्वतः मेंटेनन्सवाले, तुम्हाला हे मी काय सांगणार.

पैसा खातो तो पत्रा. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. पत्राच सांगाडा आहे, त्यामुळे पायरीखालचा पत्रा आणि फ्लोअर कुजले तर गाडीचा कणाच गेला असं समजा. आणि तुमची ही गाडी कुठे उभी आहे? गावभागात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. त्यानंतर २०२१ चा पूर आला, त्याआधी २००५ चा होताच. मालक म्हणतात, ‘चाकं भिजली तेवढीच.’ मालकाला विचारू नका, भिंतीला विचारा. वरून कितीही रंग दिला तरी जुन्या वाड्याच्या भिंतीला पोपडे सुटतात ते पाण्याच्या रेघेपर्यंत. ती रेघ गाडीच्या दाराच्या हँडलशी ताडून बघा. मग हेडलाइटची रिंग सोडवून मागच्या वाटीत बोट फिरवा. बोटाला वाळलेला बारीक गाळ लागला तर वायरिंग, डायनामो, सीटच्या स्प्रिंगा, गिअरबॉक्स, सगळ्यांनी कृष्णास्नान केलेलं आहे. खिशात लोहचुंबक न्या, रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे तो चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. शेवटी मॅट उचलून फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, पण मालकाची परवानगी घेऊन. नाहीतर आरपार गेला तर तिथेच वाद.

मी काढलेला हिशोब हा. अंदाज आहे, कोटेशन नाही. पत्रा आणि रंग २.२० लाख, इंजिन-गिअरबॉक्स ७५ हजार, ब्रेक आणि किंगपिनसकट (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) पुढचं काम ५० हजार, वायरिंग २५, सीट आणि छताचं कापड ४५, रबरं-बीडिंग-ग्रिल-क्रोम ७०, टायर-बॅटरी ३०, कागद २५. बेरीज ५ लाख ४० हजार. उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी यावर चौथा हिस्सा धरायचाच, म्हणजे १ लाख ३५ हजार. गाडीची किंमत मिळवा. साडेआठ लाख झाले. इंजिन-ब्रेक तुम्ही रविवारी स्वतः केलेत तर चाळीस-पन्नास हजार वाचतील. पत्रा तुम्हाला जमणार नाही, आणि तोच मोठा आकडा आहे.

एक स्वतःचं सांगतो. माझ्याकडे एक येझदी होती. अठरा हजारांना घेतली, पुरती उघडली, बत्तीस हजार घातले. मग मिस्त्रीने गाव सोडलं, माझ्या घरी एक लग्न निघालं, आणि गाडी चार वर्षं दोन पोत्यांत राहिली. विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक आलं, पोत्यात डोकावलं आणि नऊ हजार म्हणालं. अख्खी, बंद पडलेली गाडी होती तेव्हा तिला अठरा हजार किंमत होती. पन्नास हजार घालून ती नऊवर आली. जुन्या गाडीचा सगळ्यात पडेल भाव ती अर्धी उघडलेली असताना असतो, आणि पैसे संपतात ते नेमके तेव्हाच.

म्हणून पतसंस्थेचं कर्ज नको. पाच लाख, १२ टक्के, पाच वर्षं : हप्ता ११ हजार १२२, व्याजच १ लाख ६७ हजार. व्याजापेक्षाही मला खटकतं ते हे, की हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होईल आणि गाडी तेव्हा बॉडीवाल्याच्या शेडमध्ये विटांवर असेल. घरकर्जाचे अजून १४ हप्ते बाकी, मुलीची अॅडमिशन जूनमध्ये. त्या वर्षात तिसरी ओढ लावून घेऊ नका.

तुमच्याकडे काय आहे ते बघू. दोघांचे मिळून हातात १ लाख १५ हजार, खर्च हप्त्यासकट ७५ हजार, एसआयपी २० हजार, उरतात २०. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंड ७ लाख, बोनस २ लाख येणार. एफडीतले साडेचार लाख म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, त्याला हात नाही. तुम्ही मुलीच्या पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल धरलंय अडीच लाख, तेही बाजूला. राहिले दोन, बोनस धरून चार. पुढच्या तीन वर्षांची फी म्युच्युअल फंड आणि घरकर्जाचा हप्ता सुटल्यावरचे महिना १४ हजार ५०० यांतून निघेल, म्हणून तेही मी गाडीला देत नाही. महिना १२ हजारांची आरडी काढलीत तर तीन वर्षांत ४ लाख ३२ हजार आणि वर व्याज. म्हणजे साडेआठ लाख जमतात, कुणाचं एक रुपया देणं न करता. पण तीन वर्षांनी.

पत्रात सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही कंसात टाकलाय : अण्णांचं वय, ७८.

गावभागातली गाडी आज घेतलीत तर या पैशात ती अण्णा ८१ चे असताना रस्त्यावर येईल, तेही सगळं वेळेवर झालं तर. बॉडीवाल्याकडे काही वेळेवर झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की चालती गाडी शोधा. डिलाइटच हवी असा हट्ट नको. पद्मिनी म्हणजे नाव बदललेली तीच गाडी आहे, १९७४ पासून पुढची. पत्रा धड असलेल्या, कागद चोख असलेल्या पद्मिनीला अगदी साडेतीन-चार लाख मोजावे लागले तरी ते तुमच्या हातातल्या पैशात बसतं आणि अण्णा पुढच्या महिन्यात तिच्यात बसतात. तुमची कामाची हौसही कुठे जात नाही. एका वेळी एकच काम काढा, आज ब्रेक, दिवाळीनंतर वायरिंग, आणि रविवारी उघडलेलं पुढच्या रविवारपर्यंत मिटलं पाहिजे. आरडीचे १२ हजार त्यासाठीच. एक काम मात्र आधी करा : पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरच्या रबरी वस्तू बदला. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाने आपलीच फियाट बंद पाडायची, हे काही बरोबर नाही.

कागदांबद्दल. वाड्यातल्या गाडीचं आरसी बुक मालकाच्या आजोबांच्या नावावर आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. आजोबा हयात नाहीत. म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, बाकी वारसांची संमती, आणि मग २९-३० भरून तुमच्या नावावर. ज्या वाड्याची वाटणी तीस वर्षं झाली नाही तिथले पाच चुलत भाऊ एका फियाटवर सह्या करतील? करतीलही. पण त्याआधी टोकन देऊ नका. शिवाय इतकं जुनं बुक ऑनलाइन चढलेलं आहे का ते आरटीओत बघावं लागेल. चेसिस आणि इंजिन नंबर बुकाशी जुळवा, फोटोवरून नको, स्वतः वाचून.

तुम्ही ‘व्हिंटेज’ नोंदणीचं विचारलंय. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. अण्णांना घेऊन रोज मिरजेच्या बाजारात जायचं असेल तर हा नंबर उपयोगाचा नाही. साधं नूतनीकरण करा, पाच-पाच वर्षांचं. वीस वर्षांवरच्या कारला त्याची फी २०२५ पासून १० हजार आहे. पर्यावरण कर वेगळा, मुदत उलटलेली असेल तर उशिराचा भुर्दंड वेगळा. थर्ड पार्टी विमा लागेलच.

‘पुढे किंमत वाढेल, गुंतवणूकही होईल’ हे वाक्य वहिनींना पटवण्यासाठी लिहिलं असावं असा मला संशय आहे. खोडून टाका. वापरातली स्वतःची कार विकून नफा झाला तर सहसा कर लागत नाही, पण तोटा झाला तर तोही कुठे दाखवता येत नाही. ‘स्वतःच्या वापराची’ हे सिद्धही करावं लागतं. १९३१ च्या एका फोर्ड टूररच्या मालकाला ते जमलं नाही आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निकाल आयकर खात्याच्या बाजूने दिला. त्यापेक्षा घरात सरळ सांगा की हौस आहे, चार लाखांची आहे, आणि ते चार लाख कुठून येणार ते या कागदावर लिहिलंय.

वाड्यातल्या गाडीवरून जीव निघतच नसेल तर वरच्या सगळ्या तपासण्यांनंतर, वारसांच्या सह्या झाल्यावर, फार तर सत्तर-ऐंशी हजारांना. त्याच्यावर नाही.

पद्मिनी बघायला जाल तेव्हा अण्णांना घेऊन जा. दार लावल्याच्या आवाजावरून आणि किंगपिनच्या खडखडीवरून ते जे सांगतील ते माझ्या चुंबकापेक्षा खरं असेल. फक्त एक ध्यानात ठेवा, अगदी शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींना गिअर खाली, फ्लोअरवर आहे. तुम्हाला स्टिअरिंगखालचाच हवाय, आणि पुढची सीट सलग.