वाचकांचे प्रश्न : गोष्ट कुठे थांबवायची?

प्रश्न : घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत दर शनिवारी सात-आठ वर्षांच्या मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवतो. 'कुणाबद्दल पटकन वाईट मत करू नये' या विषयावरची ज्यू मुलांची काही इंग्रजी पुस्तकं मिळालीत. पण काही गोष्टी मुलांना कळतच नाहीत, तर काहींचा शेवट आधीच ओळखतात. ठाण्यातल्या एखाद्या बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबालाही बोलवायचं आहे. काय करावं?

उत्तर : न कळण्याचं कारण म्हणजे नियमच माहीत नसतो. शनिवारी गाडी चालवणारा शेजारी पाहून पुस्तकातला मुलगा दचकतो. आपल्या मुलांना त्यात काहीच वावगं दिसत नाही. म्हणून आधी एवढं सांगा : शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्यात गाडी चालवायची नाही. जीव वाचवायचा असेल तर हा नियम बाजूला ठेवतात, हे मात्र अजिबात फोडू नका. बहुतेक वेळा शेवट तोच असतो. मटणाच्या जेवणानंतर लगेच आइस्क्रीम खाणाऱ्या बाईची गोष्ट असेल, तर मांसासोबत किंवा त्यानंतर लगेच दूध चालत नाही हे सांगा. आइस्क्रीम बिनदुधाचं निघतं, ते पानावरच कळू द्या.

शेवट ओळखला जातो, कारण आपण न थांबता वाचत जातो. उलगडा होणारं पान आधी शोधून तिथे खूणचिठ्ठी लावा आणि त्याच्या आदल्या पानावर पुस्तक मिटा. आधी विचारा, 'चित्रात काय दिसलं?' मग, 'तुम्हाला काय वाटलं?' दोन्ही उत्तरं फळ्यावर दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. 'चोरी केली' हे मुलं पहिल्या रकान्यात लिहायला सांगतात. चित्रात फक्त पिशवी उचललेली असते. खरा धडा तिथेच आहे, त्यामुळे इथे घाई नको.

सरावासाठी तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथातली मजुराची गोष्ट सगळ्यात चांगली. इस्रायलच्या उत्तरेकडल्या वरच्या गालिलातला मजूर दक्षिणेत तीन वर्षं राबतो. योम किप्पूर या उपवासाच्या पवित्र दिवसाच्या आदल्या दिवशी मजुरी मागतो, तर मालक म्हणतो, पैसे नाहीत, पीक नाही, जमीन नाही, जनावरं नाहीत, गाद्या-उशाही नाहीत. मजूर रिकाम्या हाताने घरी जातो. इथे थांबा आणि पाचही नकारांचं एकेक कारण मुलांकडून काढा. मजुराची उत्तरं नंतर सांगा : पैसे स्वस्त मालात गुंतले असतील, पिकाचा दशमांश (धर्मासाठी द्यायचा दहावा भाग) काढायचा राहिला असेल, जमीन खंडाने दिली असेल, जनावरं भाड्याने गेली असतील, बाकी सगळं देवाला वाहिलं असेल. सणानंतर मालक मजुरी आणि खाण्यापिण्याने लादलेली तीन गाढवं घेऊन येतो, आणि पाचही अंदाज बरोबर निघतात.

प्रत्येक संशय खोटाच ठरतो अशी पुस्तकं ओळीने वाचू नका. मोठी माणसं कधी चुकतच नाहीत, असं मुलांच्या मनात बसतं. कुणी इजा केली किंवा 'घरी सांगू नकोस' म्हटलं, तर तिथे चांगला अर्थ लावायचा नाही, लगेच आईबाबांना सांगायचं, हे त्याच बैठकीत स्पष्ट बोला. १२व्या शतकातल्या मैमोनिदेस या ज्यू धर्मपंडितानेही वाईट म्हणून ठाऊक असलेल्या माणसापासून सावधच राहायला सांगितलं आहे.

पाहुण्यांचं म्हणाल, तर टेंभी नाक्याचं शाअर हशामायिम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८७९ पासूनचं आहे आणि बेने इस्रायलींची घरची भाषा मराठीच, तेव्हा भाषेची अडचण नाही. फक्त शनिवार त्यांचा शब्बाथ; त्या आठवड्याचं वाचन रविवारी ठेवा.