ॲक्रोमेगालीच्या पेशंटला क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर ती शोधायची कशी?

तुमच्या भावाला ॲक्रोमेगाली आहे, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे ग्रोथ हॉर्मोन जास्त होऊन हात-पाय, चेहरा वाढत जातो. पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय, तरी रक्तातलं आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोन किती जास्त आहे ते यावरून कळतं) अजून वरच आहे, ते हॉर्मोन दाबणारं दर महिन्याचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन परवडत नाही, म्हणून ट्रायलमधून औषध फुकट मिळेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मीही याच आजाराची पेशंट. (लग्नातली अंगठी सोनाराकडे कापून काढावी लागली तेव्हा घरात सगळे 'अंगाने सुटलीस गं' म्हणून हसले होते. निदान व्हायला त्यानंतर चार वर्षं गेली.) ट्रायलसाठी बरीच धडपडले. एकदा बाहेर पडले, एकदा आत गेले.

शोधायला सुरुवात सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या वेबसाइटपासून करा. भारतात होणाऱ्या ट्रायलची ही सरकारी नोंदवही, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची), २००७ पासून चालू आहे. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. बघायला पैसे लागत नाहीत. शोधताना आजाराचं नाव इंग्रजी स्पेलिंगने टाका, आणि नुसतं ॲक्रोमेगाली नको, पिट्युटरी आणि ग्रोथ हॉर्मोन हेही टाकून बघा. नोंद उघडली की भरती चालू आहे का याची दोन उत्तरं दिसतील, एक जगाचं, एक भारताचं. आपल्या कामाचं भारताचं. खाली कोणत्या शहरातलं कोणतं हॉस्पिटल आणि कोणते डॉक्टर, ते असतं. तरीही 'चालू' दिसतंय म्हणून भावाला गाडीत बसवू नका, आधी फोन करा. मी तशीच रात्रीच्या एसटीने गेले आणि कळलं की भरती कधीच बंद झाली होती, नोंद बदलायची राहिली होती.

आता खरी गोम. नोंदीत कोणाला घेणार आणि कोणाला नाही, अशा दोन याद्या असतात. दुसरी आधी वाचा. एकाच आजाराच्या दोन ट्रायलच्या अटी एकमेकींच्या उलट असू शकतात. पॅल्टुसोटिन या रोज घ्यायच्या गोळीचंच बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली. तिच्या एका ट्रायलला इंजेक्शनवर आजार आटोक्यात असलेले पेशंट हवे होते, दुसरीला औषध चालू नसलेले आणि आजार आटोक्यात नसलेले. मी पहिल्यांदा बाहेर पडले ती साखरेमुळे. या आजारात बऱ्याच जणांची साखर वाढते, आणि माझी त्यांच्या मर्यादेच्या वर निघाली. त्या रात्री रडले, खोटं कशाला सांगू.

पॅल्टुसोटिनच्या त्याच पहिल्या ट्रायलमधला एक आकडा भावाला जरूर सांगा. ५८ जण होते, ३६ आठवडे. इंजेक्शन थांबवून ज्यांना खरी गोळी दिली, त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांचं आयजीएफ-१ आटोक्यात राहिलं. ज्यांना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी मिळाली, त्यांच्यात फक्त ४ टक्क्यांचं. आपल्या वाट्याला काय येणार हे आपण ठरवत नाही, डॉक्टरही ठरवत नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: आधीचं इंजेक्शन किती महिने बंद ठेवायचं, आणि मधेच डोकेदुखी, घाम, सांधेदुखी वाढली तर कुठल्या टप्प्यावर तुम्ही नेहमीचं औषध परत सुरू कराल? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी तरी सही करणार नाही.

दुसरा प्रश्न ट्रायल संपल्यानंतरचा. औषधांच्या ट्रायलसाठीच्या भारतातल्या २०१९ च्या नियमांनुसार पुढेही औषध फुकट मिळू शकतं, पण ट्रायलच्या डॉक्टरांची शिफारस हवी, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित जपायला नेमलेल्या समितीची) मान्यता हवी, आणि त्या आजारावर दुसरा पर्यायी उपचार नसावा. ॲक्रोमेगालीला पर्याय आहेत. तेव्हा इंजेक्शनचा खर्च कायमचा वाचेल या हिशोबाने जाऊ नका. त्यापेक्षा आयजीएफ-१ थोडंच वर असेल तर कॅबरगोलिनची गोळी चालेल का, हे एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांना, विचारा. ती बरीच स्वस्त पडते, आणि सौम्य वाढीत काहींना लागू पडते.

संमतीपत्र मराठीत मागा आणि सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. मी दोन रात्री घेतल्या, कोणी काही बोललं नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई स्पॉन्सरकडे, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीकडे किंवा संस्थेकडे. प्लासिबो देऊन नेहमीचं औषध रोखल्यामुळे जे होईल तेही त्यात धरतात. आणि ट्रायलच्या औषधासाठी कोणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठा.

दुसऱ्यांदा मी गेले ती औषधाची ट्रायल नव्हतीच. नुसतं निरीक्षण होतं, एका विद्यार्थी डॉक्टरांच्या प्रबंधासाठी. सीटीआरआयवर अशाही पुष्कळ नोंदी असतात आणि लोक त्या सोडून देतात. मला एक रात्र तारा लावून झोपवलं, तेव्हा झोपेत माझा श्वास थांबतो हे कळलं. ॲक्रोमेगालीत हे खूप जणांना असतं, पण मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. आज मशीन लावून झोपते, दुपारी पेंग येत नाही. तुमचा भाऊ घोरतो का?

जाल तेव्हा ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या एमआरआयच्या सीडी न्या, नुसते रिपोर्ट नकोत. गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि आयजीएफ-१ चे सगळे जुने कागदही न्या, लॅबच्या नावासकट. प्रत्येक लॅबची नॉर्मल मर्यादा वेगळी असते, आणि तिथे पहिला वाद त्यावरच होतो.