ओट्यावर सिंक आग्नेयेला आलंय. वास्तूप्रमाणे फ्रिज, मायक्रोवेव्ह, मिक्सर आणि आरओ कुठे ठेवावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: डोंबिवलीत वन बीएचके, साधारण ८ बाय ७ फुटांचं स्वयंपाकघर, दार पश्चिमेला. ओटा पूर्वेच्या भिंतीला सरळ. सिंक दक्षिण टोकाला, म्हणजे नेमकं आग्नेय कोपऱ्यात, आणि गॅस त्याच्यापासून अडीच फुटांवर उत्तरेकडे. फ्रिज नैऋत्येला, त्याच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह. वास्तू बघायला आलेल्या गृहस्थांनी ओटा फोडून सिंक आणि गॅसची अदलाबदल करायला सांगितलंय. सासूबाईंना ते पटलंय, मिस्टरांना खर्च पटत नाही, आणि तुमची मधल्या मध्ये कोंडी झालीय.

ओटा फोडू नका. मी कल्याण-डोंबिवली भागात ओट्याची आणि ट्रॉलींची कामं करतो, वास्तूचा कागद घेऊन येणारी गिऱ्हाइकं मला रोजची. माझा स्वतःचा वास्तूवर फारसा विश्वास नाही, पण घरातल्या मोठ्यांचा असेल तर त्याप्रमाणे करून द्यायला माझी ना नसते. फक्त तोडफोड सुचवली की मी हात आखडता घेतो.

आधी शास्त्रात काय आहे ते बघा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय आहे. त्यात एका श्लोकात सगळं आटोपलंय: ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैऋत्येला भांडीकुंडी आणि सामानसुमान, वायव्येला धन आणि धान्य. हे अख्ख्या घराबद्दल आहे. बिल्डरने दिलेल्या ५६ चौरस फुटांच्या खोलीत पुन्हा आठ दिशा पाडून कुठला डबा कुठे ठेवायचा, हे त्या श्लोकात नाही. आणि हल्ली सर्रास सांगतात ना, धान्याचे डबे नैऋत्येला ठेवा म्हणून? श्लोकात धान्य वायव्येला आहे.

मायक्रोवेव्ह-मिक्सरचे नियम अर्थातच अलीकडच्या लोकांनी बसवलेले. पद्धत सोपी आहे. आग्नेय अग्नीची, म्हणून जे तापतं किंवा विजेवर चालतं ते तिकडे. ईशान्य पाण्याची, म्हणून पिण्याचं पाणी तिकडे. नैऋत्य जड, म्हणून अवजड वस्तू तिकडे. गोची होते फ्रिजपाशी. तो विजेवर चालतो म्हणून अग्नी, आत थंड म्हणून पाणी, वजनाला दणदणीत म्हणून नैऋत्य. त्यामुळे एक जण आग्नेय सांगतो, दुसरा नैऋत्य, तिसरा वायव्य. ईशान्येला नको, यावर मात्र बहुतेकांचं एकमत असतं. तुमचा नैऋत्येला आहे, तेव्हा तो जागचा हलवूच नका. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा आहे ना, एवढं बघा. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. भिंतीला घासून ठेवला तर पत्रा चांगलाच तापतो आणि कॉम्प्रेसर जास्त चालतो.

आता सिंक आणि गॅसच्या अदलाबदलीचं. कागदावर तो फक्त एक बाण असतो. प्रत्यक्षात सिंकचा पाइप खाली ट्रॅपला जातो आणि तिथून डक्टमधल्या, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीतल्या उभ्या लाइनला. तुमचं सिंक दक्षिण टोकाला आहे म्हणजे बहुतेक डक्टही त्याच बाजूला. ते उत्तरेला न्यायचं तर आडवा पाइप पाच-सहा फूट वाढणार, त्याला उतार द्यावा लागणार, नाहीतर भाताची शितं आणि तेलकट पाणी मध्येच साचून राहणार. उतारासाठी लादी खणली की खालचं वॉटरप्रूफिंग गेलं. बदलापूरला एका घरी हेच काम दुसऱ्या कोणीतरी केलं होतं, नंतर मला दुरुस्तीला बोलावलं. खालच्या मजल्यावर गेलो तर त्यांच्या गॅसच्या बरोब्बर वर छताला ताटाएवढा पिवळा डाग, कडेने काळी बुरशी, रंगाचे पापुद्रे सुटलेले. त्या काकूंनी खाली बादली ठेवली होती आणि सोसायटीत लेखी तक्रारही दिली होती. वरच्यांनी ओटा दुसऱ्यांदा फोडला, खालच्यांचं छत रंगवून दिलं, आणि एवढं करून सिंक पुन्हा जुन्या जागी आलं.

सासूबाईंना समजावताना तुमच्या बाजूने दोन मुद्दे आहेत. ओटा पूर्वेच्या भिंतीला आहे, म्हणजे स्वयंपाक करताना तुमचं तोंड पूर्वेलाच असतं, आणि बरेच वास्तूवाले यावर भर देतात. दुसरं, अग्नी आणि पाणी शेजारी नको असाही नियम आहे, आणि तुमच्याकडे मध्ये अडीच फूट आहेत. सिंक न हलवता नुसता गॅस ओढूनताणून आग्नेयेला नेलात तर तो सिंकला चिकटेल आणि एक नियम पाळताना दुसरा मोडेल. व्यवहारातही ते वाईट. भांडी घासताना उडणारं पाणी बर्नरमध्ये जातं, ज्योत पिवळी पडते, पातेल्यांची बुडं काळी होतात.

मायक्रोवेव्ह मात्र फ्रिजवरून उतरवाच. हे वास्तूसाठी नाही, तुमच्यासाठी. फ्रिजवरच्या मायक्रोवेव्हमधून उकळता वरणाचा वाडगा काढायचा म्हणजे तो डोक्याच्या उंचीवरून खाली घ्यायचा. हात सटकला तर सरळ तोंडावर. शिवाय दोघांची उष्णता एकमेकांत अडकते आणि दोघांच्या पिना बहुधा एकाच एक्स्टेंशन बोर्डात असतात. मायक्रोवेव्ह हजार-बाराशे वॅट तरी सहज ओढतो. ते फुसकं बोर्ड त्यासाठी नाही.

तुमची दक्षिणेची भिंत ७ फुटांची. ओट्याची खोली २ फूट, फ्रिजचे २ ते सव्वादोन. मध्ये जवळपास पावणेतीन फूट उरतात. तिथे एक उभं रॅक करून घ्या. ओट्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ३३-३४ इंचांवर मिक्सर, म्हणजे तो रोज उचलाउचल न करता जागेवरच वापरता येईल. त्याच्या वर छातीच्या उंचीला मायक्रोवेव्ह. खाली तांदूळ-गव्हाचे डबे. दक्षिण ते आग्नेयेकडचा पट्टा असल्याने वास्तूवाल्यांचंही समाधान होईल. रॅकची सिंककडची बाजू बंद ठेवा, एक उभा प्लाय लावला की पाण्याचे शिंतोडे येत नाहीत. मायक्रोवेव्हच्या मागे आणि वर किती जागा सोडायची ते त्याच्या पुस्तिकेत असतं, सुताराला तेवढं पान दाखवा.

आरओ ईशान्येला हवा असं त्या वास्तूवाल्या गृहस्थांनी लिहून दिलंय. आरओला पाणी आत घेणारी एक नळी आणि टाकाऊ पाणी सोडणारी दुसरी, दोन्ही सिंकजवळ सोयीच्या. लांबवर नेता येतात, पण गॅसच्या मागून प्लास्टिकची नळी फिरवायला मी तयार होणार नाही. आरओ सिंकपाशीच राहू द्या. ईशान्येच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या भिंतीला लागून, ओट्याबाहेर एका तिवईवर पिण्याच्या पाण्याचा माठ किंवा तांब्याचा हंडा ठेवा. पूर्वापार पिण्याचं पाणी तिथेच ठेवायची रीत आहे, सासूबाईंना ते यंत्रापेक्षा जास्त भावेल.

सिलिंडर ओट्याखाली आहे असं तुम्ही म्हणता. तो उभाच हवा आणि शेगडीपेक्षा खाली, तेवढं ठीक आहे. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून ट्रॉलीच्या दाराला खालच्या बाजूला जाळी हवी. गच्च बंद शटर लावून कोणी देत असेल तर घेऊ नका. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती पाच वर्षांनी बदलायची.

आणखी एक. त्या गृहस्थांनी दिशा कशी बघितली? मोबाइल ओट्यावर, सिलिंडरच्या वरती ठेवून बघितली असेल तर तो कागद बाजूला ठेवा. लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं. खोलीच्या मधोमध उभं राहून, फ्रिज आणि जाळीच्या खिडकीपासून लांब, दोन-तीनदा बघा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे, तो विसरला तरी चालेल. आठ दिशांपैकी प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश येतात. इमारत थोडी तिरकी असेल तर तुमचं ‘आग्नेय’ सिंक सरळ दक्षिणेत किंवा पूर्वेतही निघू शकतं. मग वादच मिटला.

सिंक आणि गॅसच्या मध्ये तांब्याची पट्टी बसवून दोष जातो का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मी अशा पट्ट्या बसवून दिल्या आहेत, ग्रॅनाइटला खाच मारून. सहा महिन्यांत त्या खाचेत मळ धरतो आणि कडेने पाणी मुरतं, एवढाच परिणाम मी पाहिलाय. ते पैसे इलेक्ट्रिशियनला द्या. दक्षिणेच्या भिंतीवर मायक्रोवेव्हसाठी १६ अँपिअरचा पॉइंट काढायला सांगा, मेन बोर्डापासून वेगळी लाइन, निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंग तपासून. तो झाल्यावरच रॅकवाल्याला बोलवा, म्हणजे नंतर प्लायला भोकं पाडत बसावं लागणार नाही.